पोदेर यायच्या आधी : रोजचं मनन कसं करायचं

आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे घरोघरी पाव विकणारा, सकाळी सव्वासहाच्या आसपास येतो, सायकलचा भोंगा पोंय पोंय वाजवत, आणि त्याच्या आधीची बारा-पंधरा मिनिटं मी बायबल घेऊन बसते. त्याच्यानंतर घर माझं राहत नाही. चहा, डबे, कुणाचा तरी एक मोजा हरवलेला, मांयच्या, म्हणजे सासूबाईंच्या, प्रेशरच्या गोळ्या, आणि मग म्हापशाची बस. म्हणून वेळ कोणती काढायची हा पहिला प्रश्न मी असा सोडवला की भोंगा वाजेपर्यंतच बसायचं, वाजला की उठायचं, मनन अर्धवट असलं तरी उठायचं.

मला नात्यातल्या दोघीतिघींनी विचारलं की तू रोजचं रिफ्लेक्शन करतेस ते कसं, आम्हाला चार दिवसांच्या वर जमत नाही, म्हणून हे लिहितेय. मी सिस्टर नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही. माहेर वसईचं, सासर बार्देशात, ऑफिसात अकाउंट्स बघते. आणि पहिली पाच-सहा वर्षं मलाही जमलं नव्हतं. एका जानेवारीत ठरवलं की वर्षात अख्खं बायबल वाचायचं, उत्पत्ती झालं, निर्गम झालं, लेवीयमध्ये बोकडाच्या चरबीपाशी आणि गुरद्यांपाशी आले आणि फेब्रुवारीच्या आत पुस्तक परत कपाटात. मग पुढच्या वर्षी जाड डायरी आणली, रोज एक पान भरायचं, तेही नवव्या दिवशी बंद.

चूक कुठे होती ते निर्गमच्या 16 व्या अध्यायातच लिहिलं होतं खरं तर. वाळवंटात मान्ना पडायचा तो रोजच्यापुरता गोळा करायचा, काहींनी उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडले आणि वास सुटला. आपण गोव्यात पुरुमेंताच्या, म्हणजे साठवणीच्या, फेस्ताला (सणाला) पावसाळ्यासाठी मिरच्या, चिंच, सोलं, सुकी मासळी सगळं भरून ठेवतो, पण पोई, म्हणजे पोदेराकडचा पाव, कुणी पुरुमेंताला घेऊन ठेवते का? पोई रोजचीच घ्यावी लागते. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ असं आपण म्हणतो, महिन्याची दे असं म्हणत नाही. तेव्हा रोजचं मनन करायचं असेल तर आधी भूक लहान करा. एक उतारा, त्यातली एक ओळ, बास.

वाचायचं काय

स्वतः निवडू नका. मी निवडायचे तेव्हा मला आवडणारंच यायचं, स्तोत्र 23 महिन्यातून आठ वेळा. त्या दिवशीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जी वाचनं असतात तीच घ्यायची, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, वसईत, मनिलात, रोममध्ये त्या दिवशी तेच वाचलं जातं आणि नावडतं वाचनही टाळता येत नाही. आठवड्याच्या दिवशी पहिलं वाचन, स्तोत्र आणि शुभवर्तमान (येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांतला उतारा), रविवारी त्यात दुसरं वाचन वाढतं. रविवारचं चक्र 3 वर्षांचं असतं, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मुख्यतः ईस्टरच्या काळात आणि मार्कच्या वर्षी मधे काही रविवार. 2026 मध्ये मत्तय चालू आहे, नोव्हेंबरअखेर आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, लागला की मार्क. आठवड्याच्या दिवसांचं वेगळं आहे, सामान्यकाळात, म्हणजे सणांचे मोठे काळ सोडून उरलेल्या आठवड्यांत, पहिलं वाचन सम आणि विषम वर्षांना बदलतं पण शुभवर्तमान दरवर्षी तेच. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

वाचनं कुठे मिळतात तर मोबाईलवर ढीगभर अॅप आहेत, व्हॅटिकन न्यूजच्या साइटवर रोजची असतात, आणि बऱ्याच चर्चमध्ये वर्षाची छोटी पुस्तिकाही मिळते. फक्त एक भानगड आहे. अॅप परदेशी असलं तर तारखा कधी कधी जुळत नाहीत. तीन राजांचा सण, येशूचं स्वर्गारोहण, कॉर्पुस क्रिस्ती हे आपल्याकडे रविवारी करतात, काही देशांत मूळ दिवशीच करतात. आणि 3 डिसेंबरला तर हमखास गोंधळ, आपल्याकडे गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त, मार्कच्या 16 व्या अध्यायातलं ‘सर्व जगात जा’ वाचतात, आणि परदेशी अॅप आगमनकाळातलं साधं वाचन दाखवून मोकळं होतं. मी एकदा घरी वेगळंच मनन करून गेले आणि चर्चमध्ये बसून विचार करत राहिले की फादर चुकले की मी.

बायबल कुठलं? मराठीत बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ सगळ्यात जास्त घरांत असतं आणि चांगलं आहे, पण नेहमीच्या प्रतीत 66 पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये 73. टोबीत, मक्काबी, बेन सिरा वगैरे 7 त्यात नसतात, त्यामुळे विषम वर्षी नोव्हेंबरात मक्काबीची वाचनं लागली की पानं उलटत बसाल. भाषा जड वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ बघा, बोलीच्या जवळचं आहे.

आणि भाषेवरून संकोच करू नका. आमच्या चर्चमध्ये मिस्सा कोंकणीत, एक इंग्लिशमध्ये, घरी मांयचं बायबल रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत, आणि मी एकटी मराठीत. सुरुवातीला मला परकं वाटायचं. मग कळलं की फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुइट (येशूसंघाचा पाद्री) 1579 मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने ख्रिस्ताची गोष्ट मराठी ओव्यांत लिहिली, जवळजवळ 11 हजार ओव्या, त्या 1616 मध्ये इथल्याच, गोव्यातल्या सासष्टीत रायतूरला छापल्या. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात मराठीत ख्रिस्त गायला गेला असेल तर मी सव्वासहाला चार ओळी वाचल्याने काय बिघडतंय. ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत प्रार्थना करा, एवढंच मी सांगेन.

वाचायचं कसं

मोठ्याने. हळू आवाजात का होईना पण ओठ हलले पाहिजेत, नुसत्या डोळ्यांनी वाचलं की आपण मोबाईल वाचतो तसंच वाचतो, सरकवत. दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्ट कळू दे, दुसऱ्यांदा कुठे अडखळता ते बघा.

याची जुनी रीत आहे. बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसियन मठवासीने चार पायऱ्यांची शिडी सांगितली, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं गप्प देवापुढे बसणं. लॅटिनमध्ये लेक्सिओ दिविना म्हणतात. यातल्या मननाच्या पायरीला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, रवंथ. म्हैस सकाळी चरते आणि दुपारी सावलीत बसून तेच परत तोंडात आणून चघळते, तसं एक ओळ घेऊन निघायचं आणि बसमध्ये, बिलं तपासताना, बारा वाजता चर्चची घंटा झाली की परत तोंडात आणायची. ही पायरी सकाळी पूर्ण होत नाही, व्हायला नको. लोक सकाळीच काहीतरी थोर विचार सुचायची वाट बघतात, सुचत नाही, मग म्हणतात मला जमत नाही.

ओळ कशी निवडायची ते एका दिवसावरून सांगते. सामान्यकाळाच्या 22 व्या आठवड्यातला गुरुवार, सप्टेंबरच्या सुरुवातीला येतो, लूक 5, शिमोन पेत्राची होडी. येशू किनाऱ्यावर येतो तेव्हा कोळी काय करत असतात? जाळी धूत असतात. मी वसईची, कोळीवाडा बघितलेला आहे, आणि इथेही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाल्यावर बघितलंय, जाळी धुवायला घेतली म्हणजे आजचं संपलं, आता परत समुद्रात जायचं नाही, दमलेल्या माणसाचं ते शेवटचं काम. आणि नेमक्या त्या वेळी हा सुतार त्यांना सांगतो की खोल पाण्यात ने आणि जाळी टाक. पेत्र म्हणतो, गुरुजी, आम्ही सारी रात्र कष्ट केले आणि काही मिळालं नाही, तरी आपल्या सांगण्यावरून मी जाळी सोडतो.

मी आधी ‘तरी’ या शब्दावर थांबले, कारण प्रवचनात त्याच्यावरच बोलतात. पण खरं तर मी अडखळले होते ‘जाळी धूत होते’ वर. का ते लगेच कळलं नाही, चहा गाळताना कळलं. माझी धाकटी बहीण वसईला असते, आईच्या घराच्या वाटणीवरून आमचं फाटलं, मी तीन वेळा फोन केला, तिने उचलला नाही, आणि मी मनात जाळी धुवायला बसले होते. माझ्याकडून केलं ना सगळं, आता तिचं ती बघेल. हे असं.

म्हणून ओळ सुंदर असायची गरज नाही, टोचणारी असली तरी चालेल, कंटाळवाणी असली तरी चालेल, फक्त तुम्ही तिथे थांबलात एवढी खूण पुरे.

लिहायचं किती

चार ओळींच्या वर नाही. मी शाळेची दोनशे पानी वही वापरते, वर तारीख न लिहिता आठवडा आणि वार लिहिते, ‘22 वा आठवडा, गुरुवार’ असं. मग ती ओळ. मग ती माझ्या आयुष्यात कुठे लागली, आणि इथे माझा एक कडक नियम आहे, कुणाचं तरी नाव आलं पाहिजे. ‘आपण सर्वांनी क्षमा केली पाहिजे’ हे मनन नव्हे, ते भाषण झालं, आणि आपण सर्वांनी म्हटलं की मी त्यातून अलगद सुटते. बहिणीचं नाव लिहावं लागलं तेव्हा पेन थांबलं होतं. शेवटची ओळ आज काय करणार, तेही आज होईल असं. मी लिहिलं, ‘आज परत फोन.’ केला. उचलला नाही. रात्री तसंच लिहून ठेवलं, फोन केला, उचलला नाही. वहीत खोटं लिहू नका, ती कुणी वाचणार नाहीये.

संतांचं काय करायचं

ज्या दिवशी संताचं फेस्त असतं त्या दिवशी मी त्याच्यातली एकच छोटी गोष्ट शोधते. चमत्कार नको, चमत्काराने मी नुसती वाह म्हणते आणि पुढे जाते. फ्रान्सिस झेवियर घ्या. 6 मे 1542 ला गोव्यात उतरला, रस्त्यावर घंटा वाजवत पोरं गोळा करायचा, 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या दारात वारला, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, जुन्या गोव्याला नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, आपण जातोच. पण 1546 मध्ये तो मोलुक्का बेटांवर होता तेव्हा युरोपातल्या सोबत्यांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की तुम्ही पाठवलेल्या पत्रांतून तुमच्या हाताने लिहिलेली नावं मी कापून घेतलीत आणि ती सतत अंगाशी ठेवतो. पॅरिसला ज्याच्यासोबत एका खोलीत राहिला त्या इग्नेशियसला, येशूसंघाच्या संस्थापकाला, तो रोम सोडल्यावर परत कधी भेटला नाही, तेव्हा या चिठ्ठ्याच उरल्या. मला हे कळलं आणि मी लाकडी पेटीतलं आईचं रेशनकार्ड काढून बसले, त्याच्यावर आम्हा बहिणींची नावं आईच्या अक्षरात होती.

आपल्या जुझे वाझचं तसंच. बाणावलीला 1651 मध्ये जन्म, 14 जानेवारी 2015 ला पोप फ्रान्सिसने कोलंबोत संत म्हणून जाहीर केलं, 16 जानेवारीला फेस्त. डच लोकांनी श्रीलंकेत कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती, हा तिथे मजुराच्या वेषात शिरला, कँडीत हेर समजून तुरुंगात टाकला, आणि पुढे देवीची साथ आली, लोक रोग्यांना सोडून पळाले तेव्हा हा त्यांची शुश्रूषा करत राहिला. मी यातून फक्त ‘मजुराच्या वेषात’ एवढंच घेते आणि ऑफिसात ज्या दिवशी मला कुणी विचारत नाही त्या दिवशी ते रवंथ करते.

आणि म्हापशाचं चर्च. ते सेंट जेरोमचं आहे, पण कुणाला विचारा, मिलाग्रीसच म्हणतील, मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे चमत्कारांच्या मारियामातेच्या, फेस्ताला आपली हिंदू शेजारीणसुद्धा तेल घेऊन येते, जेरोम बिचारा बाजूला. हाच तो ज्याने बायबल लॅटिनमध्ये आणलं आणि म्हटलं की धर्मशास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान. स्वभावाने भयंकर तापट, पत्रांतून लोकांना सोलून काढायचा. 30 सप्टेंबरला मला त्याचा फार आधार वाटतो.

व्हॉट्सअॅप

माझं सगळ्यात मोठं पाप इथलं. मनन जमायला लागलं की ते दुसऱ्याला पाठवायची खाज सुटते. मी आठ-नऊ महिने फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी फुलांचा फोटो आणि खाली चार ओळी टाकायचे, आणि एक दिवस लक्षात आलं की मी वाचताना ‘हे नणंदेला बरोबर लागेल’ असा विचार करत वाचतेय. त्या दिवशी बंद केलं. आता कुणी विचारलं तरच पाठवते.

तुम्हाला पाठवायचंच असेल तर निदान वाक्य कुणाचं ते तपासा. ‘सुवार्तेचा प्रचार सतत करा, गरज पडली तर शब्द वापरा’ हे असिसीच्या फ्रान्सिसच्या नावावर फिरतं, त्याच्या लिखाणात ते कुठेच नाही. ‘मला तुझ्या शांतीचं साधन बनव’ ही प्रार्थना आपण इतक्या वेळा गातो, तीही त्याची नव्हे, ती 1912 मध्ये एका फ्रेंच मासिकात पहिल्यांदा छापली गेली. प्रार्थना चांगलीच आहे, म्हणा की, फक्त नाव लावू नका.

पोरांना मात्र सांगा, पण त्यांनी विचारल्यावर. सांजांवला, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या फेस्ताला, भाच्याने विहिरीत उडी मारून झाल्यावर विचारलं की आपण उड्या का मारतो, तेव्हा लूकचा पहिला अध्याय उघडून दाखवला, मारियेचा आवाज ऐकून एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने उडी मारली ते. डोक्यावर कोपेल, म्हणजे फुला-पानांचा मुकुट, अंगातून पाणी गळतंय, आणि म्हणतो, म्हणजे मी पोटातला योहान? त्यापेक्षा चांगलं रिफ्लेक्शन माझ्याच्याने झालं नसतं.

रात्री आणि रिकाम्या दिवशी

रात्री फक्त दोन मिनिटं. इग्नेशियसने दिवसाच्या तपासणीला पाच टप्पे घालून दिलेत, उपकार मानणं, प्रकाश मागणं, दिवस उलगडून बघणं, क्षमा मागणं, उद्याचं ठरवणं. मी झोपेने मेलेली असते, माझे दोनच होतात, आज देव कुठे भेटला आणि मी कुठे तोंड फिरवलं. दुसऱ्याचं उत्तर आधी येतं, दरवेळी.

आणि काही आठवडे काहीच लागत नाही. वाचलं, मोठ्याने वाचलं, दोनदा वाचलं, कोरडं. आई गेली तेव्हा चार महिने तसे गेले, मी वहीत नुसता आठवडा-वार लिहून बंद करायचे. मनात येईल ते देवाला सांगा, रागसुद्धा, स्तोत्रांत किती तक्रारी आहेत बघा, ‘किती वेळ, परमेश्वरा’ म्हणणारा माणूस काही धार्मिक कमी नव्हता. 3 जुलैला थोमाचं फेस्त येतं, जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा, आणि भारतात आपण त्याचंच नाव सांगतो. दिवस चुकला तर मागचं भरून काढत बसू नका, कालची पोई आज नरम लागत नाही. आजचं उघडा.

आता मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते. शुभवर्तमान दरवर्षी तेच येतं म्हणजे तुमची वही एका वर्षाने परत कामाला येते. वर तारखेऐवजी आठवडा आणि वार लिहायचं कारण हेच. पुढच्या वर्षी तोच गुरुवार आला की आधी मागचं पान उघडायचं, मग नवीन लिहायचं, त्याच पानावर खाली, म्हणून निम्मं पान मोकळं सोडा.

यंदा 22 व्या आठवड्याच्या गुरुवारी मी मागचं पान उघडलं. ‘जाळी धूत होते. आज परत फोन. केला. उचलला नाही.’ वाचता वाचता मोबाईल वाजला, वसईवरून, सहा वाजून पाच मिनिटांनी, केळी किती उतरली आणि मोठीच्या लग्नाला शाली कुठून घ्यायच्या, पोदेर येऊन गेला तरी चालूच. मी एका हाताने खाली लिहिलं, ‘आता ठेवतच नाही.’ त्या दिवशी घरात पोई नव्हती.